सकाळचं मिसिंग

मिस्त्री बसायचे नाहीत. चहा उभ्याने, जेवण उभ्याने, ताट खिडकीच्या कट्ट्यावर. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा आईने पाट मांडला, तर हे पाटाभोवती घिरट्या घालत राहिले. शेवटी आईने विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?" तर म्हणाले, "नाही हो, पाय चालले की डोकं चालतं." ते गेल्यावर आई मला म्हणाली, "अरे, यांना परत आणशील तेव्हा आधी सांग. मी शेजारी जाऊन बसेन. मला गरगरतं."

मलाही त्यांचा त्रास काही कमी व्हायचा नाही. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून, दिवसभर खुर्चीला चिकटलेला माणूस. त्यांच्याबरोबर तासभर काढला की घरी येऊन माझा पाय टेबलाखाली आपोआप हलत राहायचा. बायको म्हणायची, "मिस्त्रींकडे गेलेलात ना?" पाय धरून ठेवला तरी बोटं वाजायला लागायची. तरी त्यांना टाळणं काही मला जमलं नाही.

डोंबिवलीत आमच्या चाळीच्या मागे दोन खोल्यांत ते राहायचे. नोकरी ठाकुर्लीला, रेल्वेत फिटरची. मोटारी हा सुट्टीचा नाद. त्या काळी डोंबिवलीत मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून हे कल्याणला, भिवंडीला, ठाण्याला जायचे. स्वतःकडे मोटार सोडा, सायकलसुद्धा नव्हती. सायकलवर बसावं लागतं, दुसरं काय कारण असणार.

त्यांच्या पिशवीत पाने असायचे, चिंध्या, काचकागद आणि एक लाटणं. चेष्टा नाही, पोळ्या लाटायचं लाटणं. चालू इंजिनावर त्याचं एक टोक टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. मग बोलायचे, "दुसऱ्या नंबरचा व्हॉल्व्ह बडबडतोय." इंजिन उघडलं की दुसऱ्या नंबरचाच व्हॉल्व्ह निघायचा. मी एकदा त्यांच्या बायकोला विचारलं, "वहिनी, लाटणं तुमचंच ना?" त्या म्हणाल्या, "रुखवतात आलेलं. ते यांच्या पिशवीत गेलं आणि तेव्हापासून आमच्याकडे भाकरी. आता पोळी कुणाकडे जेवायला गेलं तरच."

मोटारीच्या मालकाला ते तीन प्रश्न विचारायचे. गाडी शेवटची कोणी चालवली? उभी कुठे असते? आणि घरात कोण कोण आहे? पहिल्या दोन प्रश्नांना लोक नीट उत्तर द्यायचे, तिसऱ्याला बिथरायचे. कल्याणचा एक भाताचा व्यापारी तर अंगावरच आला, "घरच्या माणसांची चौकशी तुला कशाला पाहिजे?" मिस्त्री शांतपणे त्याच्या गाडीला प्रदक्षिणा घालत म्हणाले, "शेठ, गाडी आपण होऊन बिघडत नाही. हात कोणाकोणाचे लागतात ते बघतोय." शेवटी निघालं असं की व्यापाऱ्याची म्हातारी आई गाडीच्या पाण्याच्या टाकीत रोज देवाचं तीर्थ ओतत होती, तुळशीच्या पानांसकट. पानं नळीत अडकून इंजिन तापत होतं.

कामाची त्यांची रीत एकच. "एका वेळी एक." वहीत ते बिघाडाच्या शक्य तेवढ्या जागा लिहून काढायचे आणि एक-एक तपासून तांबड्या पेन्सिलीने खोडायचे. "पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी चालली, तर तुम्हाला कळलं काय? काहीच नाही." हे पटण्यासारखं होतं. पण एकदा खोडलेल्या ओळीकडे ते परत बघायचे नाहीत, हे काही मला पटायचं नाही. मी म्हणायचो, "मिस्त्री, तपासताना चूक झाली असेल तर?" त्यावर ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी कोर्टात न्यायाधीशाला तू म्हणालोय.

कारण चूक हा प्रकारच त्यांच्या घराण्यात नव्हता. कल्याणला नात्यातल्या एका लग्नाला ते दुसऱ्या दिवशी पोहोचले. मांडव उतरत होता. हे मुलीच्या बापाला म्हणाले, "घाई केलीत." बापाने पत्रिका दाखवली. यांनी ती वाचून परत त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "छापणाऱ्याला विचारा." मग उरलेले लाडू उभ्याने खाऊन घरी आले. वहिनींनी मला ही गोष्ट सांगितली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला, "घाईच केली त्यांनी."

अशा माणसाला मी ठाण्याला माझ्या बहिणीच्या घरी नेलं. गरज तशीच होती म्हणून नेलं.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिचे यजमान डॉक्टर. ठाण्यात खाडीच्या बाजूला घर, खाली दवाखाना, आणि मागे जुन्या तबेल्यात चार सिलिंडरची काळी विलायती मोटार. डॉक्टर मनाने मोकळा माणूस. त्यांनी ताईला दवाखान्यात हाताशी घेतलं, बाळंतपणं करायला शिकवलं, आणि घोडबंदरच्या रस्त्यावर मोटार चालवायलाही शिकवलं. लढाईत पेट्रोलला रेशन आलं तेव्हा गाडी विटांवर चढवली. पुढच्याच वर्षी टायफॉइडने डॉक्टर गेले. मूलबाळ नव्हतं. सासरे ताईच्या बाजूचे, त्यांनी तिला मुंबईला पाठवून सुईणीची परीक्षा द्यायला लावली. मग तेही गेले, आणि ताई माडीवरच्या एका खोलीत राहिली ती राहिलीच.

सासू असेपर्यंत घरात एक शब्द चालायचा, पायगुण. दूध नासलं तरी हिचा पायगुण. डॉक्टर गेले ते तर हिच्याच पायगुणाने, असं सासूने चार बायकांत बोलून दाखवलेलं. सासू गेली पण शब्द घरात राहिला. ताई इतकी वर्षं तो ऐकत आली होती की तिला स्वतःलाही तो खरा वाटायला लागला होता. हे मला तिने सांगितलं नाही. पण दिवाळीत भाऊबीजेला मला ओवाळायचं सोडून ती मागे उभी राहिली आणि म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग ओवाळायला, माझं नको." तेव्हा मला कळलं. मला इतका राग आला की मी ताट उचलून तिच्या हातात दिलं, तर तिने ते परत खाली ठेवलं.

आणि मग विठ्ठलवाडीच्या पुढे, निर्वासितांच्या छावणीत, एक धर्मादाय दवाखाना निघाला. त्यांना सुईण हवी होती. छावणीत आणि आजूबाजूच्या गावांत वेळीअवेळी जाणारी, स्वतःचं वाहन असेल तर उत्तमच. राहायला दोन खोल्या. डॉक्टरांच्या एका जुन्या स्नेह्याने ताईचं नाव सुचवलं. ताईने कितीतरी वर्षांनी मला स्वतःहून पत्र लिहिलं. दोनच ओळी. "मला जायचंय. गाडीचं काही होईल का?"

घरचे कर्ते होते तिचे दीर, वकीलसाहेब, आमच्याच कोर्टात वकिली करणारे. माणूस वाईट नव्हे, लोकांना भिणारा. विधवा भावजय मोटार हाकत छावणीत जाणार, कोर्टाच्या बाररूममध्ये लोक काय म्हणतील, या विचाराने त्यांच्या घशाखाली पाणी जाईना. पण सरळ नाही म्हणायचं धाडसही नव्हतं, म्हणून त्यांनी वकिली काढली. "एक महिना देतो," ते म्हणाले. "महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी स्वतः गाडीत बसेन. वहिनींनी मुंब्र्यापर्यंत नेऊन परत आणायची. वाटेत बंद पडली तर ती भंगारात जाईल आणि वहिनी परत हा विषय काढणार नाहीत." ताई म्हणाली, "बरं." मी तिथेच उभा होतो, पण कोर्टात रोज ज्यांच्यापुढे फायली ठेवायच्या त्यांच्यापुढे माझं तोंड उघडेना.

पहिल्या रविवारी मिस्त्रींना घेऊन गेलो. तबेल्याचं दार उघडलं तर गाडीच्या टपावर कोंबडी बसलेली. सीटच्या गादीत उंदरांची तिसरी पिढी असावी. मिस्त्रींनी गाडीभोवती सात-आठ फेऱ्या मारल्या आणि ताईला त्यांचे तीन प्रश्न विचारले. शेवटची कोणी चालवली? ताई म्हणाली, "ह्यांनी." उभी कुठे? "इथेच." आणि घरात कोण कोण? ताईने सगळ्यांची नावं सांगितली, स्वतःचं सोडून. मिस्त्रींनी वहीत लिहिता लिहिता विचारलं, "आणि तुम्ही?" ती म्हणाली, "मी धरण्यासारखी नाही." त्यावर मिस्त्री पहिल्यांदा चालायचे थांबले. मग वहीत त्यांनी काहीतरी लिहिलं.

तीन रविवार नुसते गाडीला जिवंत करण्यात गेले. पेट्रोलच्या टाकीतून गुळाच्या काकवीसारखं काहीतरी निघालं. नळ्या तुंबलेल्या, कार्ब्युरेटर चिकटलेला, सायलेन्सरमध्ये घरटं. मी पाने देणं आणि शिव्या खाणं ही कामं केली. "अहो कारकून, तो नाही, त्याच्या शेजारचा. फायली अशाच देता का साहेबाला?" चौथ्या रविवारी दुपारी हँडल मारलं आणि इंजिन सुरू झालं. चाललं, पण मध्येच ठेच लागल्यासारखं अडखळायचं. याला मोटारवाले लोक मिसिंग म्हणतात. चार सिलिंडरांपैकी एखादा आपल्या पाळीला गप्प बसतो आणि गाडी गचके खाते. मिस्त्रींनी त्याच दिवशी प्लग बदलले, वीज वाटणारी टोपी पुसली, आणि संध्याकाळी इंजिन शिवणयंत्रासारखं चालायला लागलं. ताईने गाडी गल्लीतून खाडीपर्यंत नेऊन आणली. बारा वर्षांनी. उतरली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि ती हसत होती. मी तिला हसताना बघून तबेल्याच्या मागे जाऊन डोळे पुसले, उगाच कशाला लपवू.

त्या टोपीबद्दल इथेच सांगतो. इंजिनाच्या अंगाला मुठीएवढी एक तपकिरी टोपी असते, तिच्यातून पाच तारा निघतात. मधल्या तारेतून वीज आत येते, आत रोटर नावाचा बोटभर तुकडा गरगर फिरतो आणि बाकीच्या चार तारांतून चार प्लगांना पाळीपाळीने वीज वाटतो. मिस्त्रींनी वहीत "टोपी" असं लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी रविवारीच तांबड्याने खोडली.

सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही गेलो आणि हँडल मारलं, तर परत मिसिंग. फाट फाट आवाज, काळा धूर, गचके. माडीच्या खिडकीत ताई उभी होती, ती मागे सरली. मिस्त्रींनी रजा टाकली होती, ते दिवसभर राबले. दुपारपर्यंत गाडी सुधारली, संध्याकाळी गाणं म्हणायला लागली. मंगळवारी सकाळी परत तेच. बुधवारी परत तेच.

मी म्हटलं, "दुपारी चालते तर वकीलसाहेबांना दुपारी बोलावू." मिस्त्री म्हणाले, "बाळंतपण दुपारची वाट बघतं का?" त्यांनी कॉइल बदलली, खोडली. कंडेन्सर बदलला, खोडला. पॉइंट घासले, खोडले. सकाळी मिसिंग, संध्याकाळी ठणठणीत. मग त्यांना वाटलं, खाडीचं दव. मंगळवारपासूनच इंजिनावर घोंगडी टाकून ते खाली कंदील ठेवत होते, तरी बुधवारी मिसिंग झालंच, म्हणून दवही खोडलं. तोवर त्यांची अवस्था बघवत नव्हती. तबेल्यात मावत नव्हते म्हणून रस्त्यावर चालायचे. गुरुवारी तर कळव्याच्या पुलापर्यंत चालत जाऊन आले, दोनदा. मीही कोर्टात चुकीचे शिक्के मारायला लागलो होतो. शनिवार जवळ येत होता आणि वकीलसाहेब रोज सकाळी दात घासत गॅलरीत येऊन तो फाट फाट आवाज ऐकायचे, चूळ भरायचे आणि आत जायचे.

गुरुवारी संध्याकाळी मिस्त्रींनी मला कोपऱ्यात ओढलं. "कारकून, ही घोंगडी बघा. मी रात्री नुसती इंजिनावर फेकून जातो, तुम्ही बघितलंय. आज सकाळी काढली तेव्हा तिच्यावर घडीच्या रेघा होत्या. कोणीतरी काढली, चौघडी घातली, मग परत पसरली." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे रात्री मी गाडी बरी करून जातो आणि सकाळच्या आत कोणाचा तरी हात लागतो. या घरात गाडी चालू नये असं कोणाला वाटतं?"

उत्तर आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला वकीलसाहेबांचा असा संताप आला की नोकरी गेली तरी चालेल, उद्या तोंडावर बोलतो, असं मी ठरवून टाकलं. वाक्यं पाठ करत घरी गेलो.

शुक्रवारी पहिल्या लोकलने आम्ही ठाण्याला उतरलो. झुंजुमुंजू व्हायचं होतं. तबेल्यात पूर्वी गवत ठेवायचे त्या फळ्यांच्या मागे उभे राहिलो. मिस्त्री उभ्या उभ्या पाय बदलत होते, फळी करकरत होती, मी त्यांना कोपराने ढोसत होतो. मग कडी वाजली.

ताई आली. न्हालेली, ओल्या केसांची, हातात तांब्या आणि पदराआड वाटी. तिने घोंगडी काढली, तिची नीट चौघडी घातली, बॉनेट उघडलं. पदराच्या टोकाने ती तपकिरी टोपी पुसली, देवाचा टाक पुसावा तशी. मग ओल्या बोटाने पाच तारांच्या मुळाशी हळद लावली, कुंकू लावलं, पाच ठिकाणी. वर फुलाने तीन वेळा पाणी शिंपडलं. हात जोडून बराच वेळ उभी राहिली. जाताना म्हणाली, "आज चाल ग बाई. मला ने इथून." बॉनेट लावलं, घोंगडी पसरली आणि बोटावरचं कुंकू लुगड्याला न लागू देता मातीत घासघासून काढलं. मग ती गेली.

मला आठवलं. दसऱ्याला डॉक्टर तिला बोलावून बॉनेट उघडायचे. लोक गाडीला पुढून हार घालतात, यांचं वेगळंच. म्हणायचे, "इथे लाव. हा तिचा जीव." त्या दिवशी गाडी चालवायची नसायची, त्यामुळे काही बिघडायचं नाही. ती तेच करत होती. कुंकू तिने कुठून आणलं असेल? जावेच्या करंड्यातून, चोरून. त्या घरात तिने कुंकवाला हात लावलेला कोणी बघितलं असतं तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको.

मी वळून बघितलं तर मिस्त्री गाडीच्या पायदानावर बसले होते. बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून.

"पाणी आहे ना," ते पुटपुटले. "वीज प्लगकडे जायचं सोडून ओल्यावरून शेजारच्या तारेत उडी मारते. दुपारी वाळलं की बंद. तपकिरीवर ओलं हळदकुंकू दिसत नाही. आणि टोपी मी रविवारीच खोडलेली."

मला रडूही येत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. "चला, सुटलं," मी म्हटलं. "मी आत्ताच तिला सांगतो, हे लावू नकोस."

त्यांनी माझं मनगट धरलं. "काय सांगाल?"

"की त्याच्यामुळे गाडी बंद पडत होती."

"म्हणजे तिच्या हाताने," मिस्त्री म्हणाले. "या घरात तिला इतकी वर्षं हेच सांगतायत ना? आता भाऊही सांगणार, आणि मिस्त्री साक्षीला. गाडी चालेल हो. पण ती त्यात बसणार नाही."

ते खरं होतं. ताईला मी ओळखत होतो. ती म्हणाली असती, राहू दे, माझा हात लागला की असंच होतं. आणि माडीवर गेली असती.

"मग उद्या ती परत लावेल," मी म्हटलं.

"लावू दे."

"अहो, पण नऊ वाजता..."

"कारकून, चूप बसा," असं म्हणून ते उठले आणि परत रस्त्यावर चालायला लागले. त्या रात्री मी चाळीच्या गॅलरीत फेऱ्या मारत होतो. समोर त्यांच्या खोलीतही सावली इकडून तिकडे जात होती.

शनिवारी आठ वाजता त्यांनी गाडी तबेल्याबाहेर ढकलायला लावली. ताई पांढरं स्वच्छ लुगडं नेसून बाजूला उभी. मिस्त्रींनी कोरडी चिंधी घेतली आणि सगळं इंजिन पुसलं, वरपासून खालपर्यंत. टोपी काढून आतून-बाहेरून पुसली, तिच्याकडे जास्त लक्ष नाही असं दाखवत. टोपीच्या आतला रोटर काढून खिशात टाकला. नवाला पाच कमी असताना वकीलसाहेब कोट-टोपी घालून आले. मागे ताईची जाऊ, हातात तबक, हळदकुंकू, फुलं, नारळ.

वकीलसाहेब म्हणाले, "काय मिस्त्री, आठवडाभर आवाज ऐकतोय. सापडला का दोष? की नाहीच?"

"सापडला," मिस्त्री म्हणाले. "माझा होता."

"म्हणजे?"

"टोपी पुसायची राहिलेली. पहिल्याच दिवशी पुसायला हवी होती, मी पुसली नाही आणि पुसली म्हणून वहीत लिहिलं. चुकलं माझं."

मला वाटलं माझ्या कानांना काहीतरी झालंय. वकीलसाहेब हसले. "म्हणजे गाडी चांगली होती आणि तुम्हीच आठ दिवस घोळ घातलात." मिस्त्री म्हणाले, "होय."

जाऊ तबक घेऊन रेडिएटरपाशी गेली. तिने कुंकवात बोट बुडवलं. तेवढ्यात मिस्त्री मध्ये येऊन उभे राहिले.

"तुम्ही नाही, वहिनी. जो गाडी चालवणार त्याने लावायचं. माझ्या कामाची रीत आहे ती."

असली रीत मी कधी बघितली नव्हती. कोणीच बघितली नव्हती. शेजारच्या घरातल्या बायका कुंपणाशी आल्या होत्या, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

"त्या लावत नाहीत," वकीलसाहेब हळू आवाजात म्हणाले.

मिस्त्रींनी खिशातून रोटर काढला आणि तळहातावर ठेवला. "मग हे मी लावत नाही. याच्याशिवाय गाडी सुरू होत नाही, साहेब. नऊ वाजले."

"ही काय जबरदस्ती आहे?"

"रीत आहे," मिस्त्री म्हणाले आणि अंगणात चालायला लागले.

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला काय झालं माहीत नाही, पण मी म्हणालो, "रीत आहे साहेब. सगळ्यांकडे करतात ते असं." आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी शपथेवरच्या माणसांकडूनही ऐकलं नव्हतं.

पुढे जे झालं ते जावेने केलं. ती रोज ताईशी जेमतेम बोलणारी बाई. तिने नवऱ्याकडे बघितलंच नाही. तबक घेऊन चार पावलं चालत आली आणि ताईच्या पुढे धरून उभी राहिली. "घ्या वहिनी," ती म्हणाली. "उशीर होतोय."

ताईचा हात तबकापर्यंत जायला फार वेळ लागला. मिस्त्रींनी रेडिएटरवर बोट ठेवलं. "इथे लावा. रोज लावा, पण इथेच. आत तेल असतं, धूळ असते, हात खराब होतात." ताईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. मग तिने लावलं, हळद आणि कुंकू, सगळ्यांच्या समोर.

मिस्त्रींनी रोटर बसवला, टोपी लावली, हँडल मारलं. ताई स्टिअरिंगपाशी बसली, वकीलसाहेब मागे, मी त्यांच्या शेजारी. मुंब्र्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही गचका बसला नाही. वकीलसाहेब परत येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. उतरताना त्यांनी फक्त विचारलं, "वहिनी, छावणीत पाण्याची सोय आहे ना?"

ताई विठ्ठलवाडीला गेली. किती मुलं तिच्या हातावर जन्मली, कोण जाणे. मिस्त्री महिन्यातून एका रविवारी जाऊन गाडी बघायचे, उभ्याने चहा घ्यायचे, यायचे. त्या आठवड्याबद्दल आम्ही तिघांनी कधी शब्द काढला नाही.

काही वर्षांनी मिस्त्री गेले. चालता चालताच, ठाकुर्लीच्या रस्त्यावर. ताई स्वतः गाडी घेऊन डोंबिवलीला आली, मिस्त्रींच्या घरी वहिनींपाशी बसली. परत जाताना मला म्हणाली, चल कल्याणपर्यंत. वाटेत रस्त्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "त्या वेळी गाडीत दोष काय होता रे?"

"त्यांनीच नाही का सांगितलं," मी म्हटलं. "टोपी पुसायची राहिली होती."

"टोपी तर रोज सकाळी मीच पुसत होते," ताई म्हणाली. "ते बोलले आणि मला त्याच क्षणी कळलं, कोणामुळे होत होतं आणि ते कोणासाठी खोटं बोलतायत."

मी विचारलं, "कळलं होतं, तरी बसलीस गाडीत?"

"चार लोकांत त्या माणसाने माझं अंगावर घेतलं होतं," ती म्हणाली. "मी बसले नसते तर ते खोटं वाया गेलं असतं."

पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. तिने ब्रेक दाबला. इंजिन मात्र बंद केलं नाही.